उलटी कळसूबाई

आमच्या आजीच्या पाटल्या कोलारच्या सोन्याच्या होत्या. निदान आजी तरी तसं म्हणायची. तिचं माहेर कोल्हापूरचं. त्यामुळे ती 'कोलारचं सोनं' म्हणाली की आम्हा पोरांना वाटायचं, दात पडल्यामुळे म्हातारीच्या तोंडात कोल्हापूर चेंगरतंय. पुढे भूगोलाच्या पुस्तकात 'कोलार – सोन्याची खाण' अशी ओळ आली, 'जोड्या लावा'मध्ये तिने एक मार्क मिळवून दिला आणि आजीच्या दातांवरचा आरोप मागे घेण्यात आला.

आजी गेल्यावर पाटल्या दोन आणि सुना तीन, असा प्रश्न उभा राहिला. गणित सुटेना म्हणून वडील पाटल्या घेऊन सराफाकडे गेले. मी पिशवी धरायला बरोबर होतो. सराफाने पाटली कसोटीच्या दगडावर घासली, एक डोळा बारीक केला. वडील अभिमानाने म्हणाले, "कोलारचं आहे हं!" सराफाने मानही वर केली नाही. म्हणाला, "काका, सोन्याला गाव नसतं. सोन्याला भाव असतो." मग घट धरून त्याने कागदाच्या कपट्यावर आकडा लिहिला. तो बघून वडिलांनी पाटल्या निमूटपणे पिशवीत टाकल्या. त्या अजून थोरल्या काकूंच्या लॉकरमध्ये आहेत आणि तिन्ही सुना एकमेकींशी बोलतात, हे आमच्या घराण्याचं वैभव.

सराफाचं ते वाक्य मला चाळीस वर्षं पुरलं. ते खोटं ठरायला एक कॉफी कारणीभूत झाली.

भाचा बंगळूरला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मला लॅव्हेल रोडवर कॉफी प्यायला घेऊन गेला. बिल बघून मी विचारलं, "हा लॅव्हेल कोण रे?" भाचा म्हणाला, "बिल्डर असेल." अंदाज फार चुकीचा नव्हता, फक्त दिशा चुकली. हा गृहस्थ वर बांधत नव्हता, खाली खणत होता.

मायकेल लॅव्हेल हा आयरिश सैनिक. न्यूझीलंडमध्ये माओरींशी लढून बंगळूरला येऊन राहिला. निवृत्त माणसं गच्चीत कुंड्या लावतात, सोसायटीचं चेअरमनपद घेतात. याने जुनं मासिक वाचलं, आणि तिथेच घात झाला. त्यात १८०४ सालचा एक लेख होता. लेखक लेफ्टनंट जॉन वॉरन. टिपू पडल्यावर म्हैसूर संस्थानाची हद्द मोजायला हा वॉरन १८०२च्या सुमारास कोलारकडे गेला होता. तिथल्या मातीत सोनं आहे अशी कुजबुज त्याच्या कानावर आली. त्याने बक्षीस जाहीर केलं. उरगाम गावचे लोक बैलगाडीभर माती घेऊन हजर झाले आणि त्याच्यासमोर ती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढून दाखवले. वॉरनने ते सगळं लिहून काढलं, मासिकाने छापलं, आणि पुढे सदुसष्ट वर्षं फारसं काही झालं नाही.

मासिकांत लिहिणारा माणूस म्हणून मला या घटनेने फार धीर दिला. वाचकाचं पत्र आलं नाही तर खचून जायचं कारण नाही. १८७१ साली वॉरनचा वाचक बैलगाडी जोडून कोलारला निघाला, १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे खाणीची परवानगी मागितली, आणि काही वर्षांनी पैसे संपल्यावर तो हक्क दुसऱ्यांना विकून मोकळा झाला. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. तिने इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातले कसबी खाणकाम करणारे आणले आणि मग खरं सोनं दिसू लागलं. लॅव्हेलच्या वाट्याला रस्ता आला. त्या रस्त्यावरच्या कॉफीचे दर पाहता खाण अजून चालू आहे, फक्त खणतात ते गिऱ्हाइकाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी मी केजीएफला जायचं ठरवलं. 'कोलार गोल्ड फील्ड्स' हे पूर्ण नाव तिथे कोणी घेत नाही. भाचा म्हणाला, "मामा, लोक तिथून इकडे येतात. तिकडे कोणी जात नाही." हे अक्षरशः खरं निघालं. केजीएफची हजारो माणसं रोज पहाटेची गाडी पकडून शंभर किलोमीटरवरच्या बंगळूरला कामाला येतात आणि रात्री परत जातात. समोरून येणारी गाडी दारापर्यंत लोंबकळलेली, आणि आमच्या डब्यात मी, एक फुलवाला आणि फुलवाल्याचं झोपलेलं पोर. विरार लोकलमध्ये घडलेला माणूस मी, रिकामा बाक बघून मला भीती वाटायला लागली. दोनदा खाली उतरून पाटी वाचून आलो.

बंगारपेटला फाटा फुटतो. लुइन बाऊरिंग या साहेबाच्या नावाने इथे बाऊरिंगपेट वसलं, त्याचं पुढे बंगारपेट झालं. कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोनं. साहेब पुसला गेला, धातू राहिला. पुढची स्टेशनं तर कादंबरीतली वाटतात: कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन. होय, चॅम्पियन नावाचं स्टेशन. आयुष्यात कुठल्याही स्पर्धेत उत्तेजनार्थच्या पुढे न गेलेल्या माणसाने तिथे उतरून फोटो काढणं स्वाभाविक होतं. शेवटचं स्टेशन मारिकुप्पम. तिथे रूळच संपतात. पुढे जायचं असेल तर खालीच जावं लागतं.

आणि खाली लोक किती गेले! इथली चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल, सुमारे ३,२०० मीटर. हा आकडा ऐकून डोक्यात काही उमटत नाही, म्हणून मी तो आपल्या मापात बसवला. कळसूबाई १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा, दोन्ही उलट्या करा आणि जमिनीत घाला. टोक जिथे पोचेल, तिथे माणसं पाळीला जात होती. आपण कळसूबाई एकदा चढलो की वर्षभर फोटो दाखवतो. ही मंडळी पिंजऱ्यासारख्या पाळण्यात उभी राहून रोज दोन कळसूबाया उतरायची. तळाशी दगडाचं तापमान साठ अंशांच्या वर, म्हणून वरून गार केलेली हवा खाली सोडावी लागे. एवढ्या खोलीवर दगडावर इतका दाब असतो की तो मधेच स्फोट झाल्यासारखा फुटतो. त्याला 'रॉक बर्स्ट' म्हणतात. तो झाला की वर गावात जमीन हादरायची, भांडी वाजायची आणि बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. आपल्याकडे भांडी वाजली की घरात भांडण आहे एवढंच कळतं. तिथे त्या आवाजात आपला माणूस कुठल्या पाळीला गेलाय हे आठवावं लागे.

एवढं खणायला ताकद लागते, म्हणून वीज आली. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम धबधब्याची वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून थेट केजीएफला पोचली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणं हा जगभर कौतुकाचा विषय होता. यातली गंमत अशी की म्हैसूर संस्थानातलं सगळ्यात मोठं शहर बंगळूर, तिथे रस्त्यावरचे दिवे लागले १९०५ साली. म्हणजे आज भारताची संगणक-राजधानी म्हणून मिरवणारं शहर अंधारात चाचपडत असताना हे खाणीचं गाव लखलखत होतं. बंगळूरचा सूड मात्र जबरदस्त. आता ते केजीएफच्या माणसांना रोज अंधारात निघायला आणि अंधारात परतायला लावतं.

अर्थात लखलखाट सगळ्यांसाठी नव्हता. साहेबांनी इथे छोटं इंग्लंड वसवलं. उतरत्या छपराचे बंगले, बागा, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च. हवा थंड, नोकर स्वस्त, जेवायला सूप. आणि मजुरांसाठी 'लाइनी'. तमिळ मुलखातून, अर्काटच्या बाजूने आलेली माणसं, बहुतेक दलित, तट्ट्यांच्या एकेका खोलीत रांगेने राहायची. सोन्याची मालकी लंडनची, जमीन म्हैसूरची, दगड कोलारचा आणि फुप्फुसं तमिळ. खाणीतली धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस व्हायचा. सोनं लंडनला जायचं आणि सिलिका घरी यायची, अशी ती वाटणी होती. आमच्या दोन पाटल्या-तीन सुनांपेक्षाही अन्यायाची.

पण ही माणसं गप्प बसणारी नव्हती. १९३० साली कंपनीने नोंदणीसाठी बोटांचे ठसे मागितले, तेव्हा कामगारांनी एकवीस दिवस खाणी बंद पाडल्या. आपण आज रेशनपासून सिमकार्डापर्यंत अंगठा देतो आणि मशीनने ओळखलं नाही तर आपणच ओशाळतो. मराठी माणसाने जिथे थांबून पाहावं अशी आणखी एक गोष्ट इथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अयोती दास पंडितांच्या बौद्ध चळवळीची शाखा मारिकुप्पमच्या खाणकामगारांत सुरू झाली होती. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या जवळजवळ अर्धशतक आधी. १९५४ साली स्वतः डॉ. आंबेडकर इथे येऊन गेले. रिपब्लिकन पक्षाचा आमदार या गावाने एकापेक्षा अधिक वेळा निवडून दिला. आमच्याकडे पक्षाचे गट मोजता मोजता दमछाक होते, त्यामुळे ही बातमी इकडे पोचली नसावी.

मुंबईचं या गावाशी एक नातं मात्र जगाच्या विज्ञानात नोंदलेलं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो नावाचा कण पकडायचा होता. हा कण आडमुठ्या जावयासारखा. येतो, सगळ्या घरातून फिरतो, कशालाही हात लावत नाही आणि निघून जातो. पृथ्वीतूनसुद्धा आरपार जातो. त्याची चाहूल लागायची तर बाकीच्या कणांचा गलबला बंद करावा लागतो, आणि त्यासाठी डोक्यावर भरपूर दगड हवा. दगड कुठे भरपूर आहे? केजीएफला. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन प्रभृती मंडळी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह खाणीत उतरली आणि १९६५ साली, जमिनीखाली सुमारे सव्वादोन किलोमीटरवर, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोची चाहूल जगात पहिल्यांदा टिपणाऱ्यांत त्यांचं नाव लागलं. जवळजवळ त्याच वेळी दुसऱ्या एका चमूला तो दक्षिण आफ्रिकेत सापडला, तोही सोन्याच्याच खाणीत. कणाची अभिरुची उंची आहे. खाणकामगारांना या प्रयोगाचं काय वाटलं असेल याची मी कल्पना करतो. आपण दगड फोडून सोनं नेतो, आणि ही शिकलेली माणसं म्हणतात, सोनं राहू द्या, आम्हाला फक्त दगड पाहिजे!

हल्ली केजीएफ म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो. २०१८ साली पहिला भाग आला, २०२२ साली दुसरा. त्यातला नायक मुंबईहून केजीएफला जातो आणि सगळ्यांना बदडतो. मीही मुंबईच्याच बाजूने गेलो होतो, पण मला पाहून कोणी पळालं नाही. उलट रिक्षावाल्याने दाढीकडे बघून "शूटिंगला आलात?" असं विचारलं आणि भाडं वीस रुपयांनी वाढवलं. सिनेमात बंदुका, हातोडे आणि गुलामगिरी आहे. खऱ्या केजीएफमध्ये हजेरीपट, पाळीचा भोंगा, युनियन, क्वार्टर आणि प्रॉव्हिडंट फंड होता. हे पडद्यावर दाखवलं तर तिकीट कोण काढणार? पण जुलूम करायला दर वेळी बंदूक लागत नाही. हजेरीपट पुरतो.

सिनेमाचं काही चित्रीकरण जिथे झालं, त्या सायनाइडच्या टेकड्या मी पाहिल्या. टेकड्या म्हणजे खाणीतून काढलेल्या दगडाची भुकटी. सायनाइडच्या पाण्याने तिच्यातलं सोनं विरघळवून काढायचं आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा, असं शंभरावर वर्षं चाललं. त्याचे तेरा ढिगारे आहेत, सुमारे ३ कोटी ३० लाख टनांचे. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढतात. इथे जमीन पोखरून डोंगर काढले. रंग भाजक्या विटेच्या आणि राखेच्या मधला, पावसाने पाडलेल्या खोल चरांमुळे चेहऱ्यावर सुरकुत्या. मी गेलो तेव्हा एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मुलीचा लाल घागरा त्या राखाडी उतारावर फारच देखणा दिसत होता. फोटोग्राफर ओरडत होता, "मॅडम, माती उडवा!" मॅडमनी ओंजळभर उडवली. वाऱ्याने ती नवऱ्या मुलाच्या तोंडात घातली. गावातल्या बायका वाऱ्याच्या दिवसांत ही माती रोज घरातून झाडून काढतात, त्याचे पैसे मात्र कोणी देत नाही.

पायथ्याशी चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. आयुष्य खाणीत गेलेले. त्यांचं वाक्य तमिळमध्ये सुरू व्हायचं, इंग्रजीत वळायचं आणि हिंदीत संपायचं. मला तिन्ही अर्धवट येत असल्याने संवाद उत्तम झाला. मी अगदी शहरी प्रश्न विचारला, "खाणीत सोनं कसं दिसतं?" ते हसायला लागले. इतके की खोकला आला, आणि खोकला थांबायला चहा निवावा लागला. मग म्हणाले, तीस वर्षं खाली गेलो, दगड पाहिला. सोनं पाहिलं ते बायकोच्या गळ्यात, तेही गहाण टाकायला नेताना.

हे थट्टेत गेलं तरी हिशेबात खरं आहे. सुरुवातीला टनभर दगडात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम सोनं मिळायचं. शेवटी शेवटी ते तीन ग्रॅमवर आलं. म्हणजे सराफाच्या एका तोळ्यासाठी तीन टनांहून जास्त दगड, दोन कळसूबायांच्या खालून वर आणायचा, कुटायचा, धुवायचा. एवढ्या दगडात विखुरलेलं ते, डोळ्यांना दिसणार तरी कसं? खर्च सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट वर गेला. खाणी १९५६ साली म्हैसूर राज्य सरकारने, १९६२ साली केंद्राने घेतल्या, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी तिला टाळं लागलं. त्याच दिवशी दिल्लीत अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडत होते. काय स्वस्त, काय महाग हे बघायला सगळा देश टीव्हीपुढे बसला होता.

तेव्हापासून गावात दोन गोष्टी नेमाने येतात: रात्रीची गाडी आणि निवडणुकीतलं आश्वासन. खाण पुन्हा उघडणार, ढिगाऱ्यांत उरलेलं सोनं काढणार, नोकऱ्या येणार. २०२४ साली कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने त्या तेरा ढिगाऱ्यांतून सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमतीही दिली. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "होईल की." आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त होणार असं सेक्रेटरी म्हणतात, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा याच सुरात "होईल की" म्हणतात आणि जिना चढायला लागतात.

परतीच्या गाडीत मी बिलाच्या पाठीवर हिशेब केला. एकशेवीस वर्षांत केजीएफने आठशे टनांहून जास्त सोनं दिलं. आठशेच धरलं, तरी आजीच्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने पावणेसात कोटी तोळ्यांच्या वर. सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने आठ कोटी. मधला कोटीभर तोळ्यांचा फरक कुठे गेला हे फक्त सराफच सांगू शकेल. त्यातले चार तोळे आमच्या थोरल्या काकूंच्या लॉकरमध्ये असतील किंवा नसतीलही. आजीकडे पावती नव्हती. पण असतील असं धरलं, तर त्या दोन पाटल्यांसाठी कोणीतरी दोन कळसूबाया उतरून गेला होता. वर त्याची बायको भांडी वाजतात का ते ऐकत बसली होती. आणि आम्ही इकडे चाळीस वर्षं भांडतोय की तिसऱ्या सुनेला काय द्यायचं.

तेव्हा सराफशेठ, तुमचं वाक्य दुरुस्त करून घ्या. सोन्याला गाव असतं. बंगारपेटला गाडी बदलायची आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहायचं. सकाळची गाडी घ्या, जागा हमखास मिळते. त्या बाजूला कोणी जात नाही.